कर्ण्यावरच्या शाली

त्या राज्यात धुकं फार, म्हणून दरीपलीकडे चरायला गेलेली जनावरं संध्याकाळी कर्ण्याच्या आवाजावर घरी परतत. कर्णा कुणी फुंकायचा, ते चावडीपुढच्या धुळीवर ठरे. ज्याची फुंकर जास्त धूळ उडवी, त्याच्या कपाळावर जास्त तारे रंगवले जात. शिवाय दर साली कर्ण्याचा मान म्हणून त्याच्या पुढच्या रुंद तोंडावर एक नवी शाल बांधायची. जुनी सोडायची नाही. तो अपमान झाला असता.

भुरी मेंढीच्या कपाळावर एकही तारा नव्हता. तिचा म्हातारा कोंड्या एडका डोळ्यांनी अधू झालेला. दरीवरची अरुंद वाट तो आवाजाच्या रोखानंच चालत येई, अन् ऐकू आलं की गळ्यातली घंटी हलवी.

"कर्णा हल्ली लांब गेलाय गं," तो म्हणायचा.

"कर्णा कुठं जातोय? तुझेच कान म्हातारे झाले," भुरी त्याला चिडवायची.

एका संध्याकाळी घंटी वाजलीच नाही. भुरी धावत चावडीवर गेली.

"घाबरू नकोस म्हातारे," पंच म्हणाले. "दुप्पट ताऱ्यांचा गडी आणतो. दुप्पट तारे, दुप्पट आवाज!"

पोवळ्या बैल आला. बरगड्या फुगवून त्यानं कर्णा फुंकला. जवळ उभे होते ते वाहवा म्हणाले आणि आपापल्या गोठ्यात गेले. भुरीला मात्र आवाज कालच्यापेक्षा इवलासाच मोठा वाटला. पलीकडं सगळं मुकं.

ती दरीच्या काठावर, कर्ण्याजवळच बसून राहिली. पोवळ्याचाही पाय निघेना. तो फुंकत राहिला, पार धापा टाकेपर्यंत.

"मावशी, घरी जा की."

"तो आला की जाते. एकटीनं जायची सवय नाही रे."

ती गारठून थरथरत होती. पोवळ्यानं इकडं तिकडं पाहिलं, मग कर्ण्यावरची एक शाल दातांनी ओढून तिच्या पाठीवर घातली.

"अपमान होईल ना रे!"

"होऊ दे."

थरथर थांबेना, म्हणून दुसरी काढली, मग तिसरी. असं करता करता कर्ण्याचं तोंड उघडं पडलं. शालींच्या ढिगाऱ्यातून भुरीचं नाक तेवढं दिसत होतं.

"आता एकदा फुंक बाबा."

"छातीत काही उरलं नाही गं. तूच बघ."

भुरीनं फुंकर घातली. धुळीचा कणही हलला नसता, इतकी हलकी. पण आवाज उठला, धुक्यातून सरळ गेला आणि पलीकडच्या कड्याला लागून परत आला.

आणि मग लांबून, अडखळत, घंटी वाजली.

काही दिवसांनी सालाचा मानाचा दिवस आला. पंच नवी शाल घेऊन कर्ण्यापाशी आले. पोवळ्यानं पुढं होऊन ती दातांत धरली, शांतपणे दरीच्या काठाशी गेला आणि वाटेवरून नुकत्याच वर आलेल्या कोंड्याच्या ओल्या पाठीवर पसरली.

त्याच्यामागं कर्णा तोंड उघडं टाकून उभा होता.