खिडकीत आलेला पोपट

संगणकाच्या पोटात रंगांची वस्ती नुकतीच बसत होती, तेव्हाची गोष्ट. माऊसचा बाण तिथला कारभारी. तो एकेका रंगाला सोपं इंग्रजी नाव देत सुटला होता.

"तू यलोग्रीन," त्यानं पोपटी छटेला बजावलं. "विचारलं की हेच सांगायचं."

"अहो, मला नाव आहे की माझं!"

"ते रानात ठेवून ये. इथं शिस्त लागते."

पोपटीनं नवं नाव घोकलं, पण जीव रानातच राहिला.

एके दिवशी खिडकीत पोपट बसला. पडद्यावर तिला बघून हरखला. "अगं, तू तर आमच्यातली दिसतेस! नाव काय गं तुझं?"

याच प्रश्नासाठी ती झुरत होती. पण तोंडून घोकलेलंच बाहेर पडलं, "यलोग्रीन."

"मग चुकलंच माझं, बाई," म्हणत पोपट उडाला.

रिकाम्या खिडकीला पोपटी अजून आपलं खरं नाव सांगते आहे.