पोवळीनं फेकलेली गुळवेल

एक होता राजा. राज्य मोठं, मिशा त्याहून मोठ्या, पण घरात त्याचं ऐकेल तर शपथ! आपल्या घरासारखंच, बरं का. हसू नकोस रे, तुझ्या बापाबद्दलच बोलतेय.

त्याची एकुलती लेक पोवळी. दिवस कलला की तिला ताप भरायचा. पोर वाळून काडी झाली. मग गिरजाक्का वैदीण आली. तिनं गुळवेलीच्या बोटाएवढ्या कांड्या दिल्या. म्हणाली, "महाराज, ठेचून भिजवा, सकाळी उकळून पाजा. ताप हाडात मुरला तर माझ्याही हातात काही नाही."

पण गुळवेल कडू! किती कडू? परवा तुला चाटवली तर कांडी कुंडीत फेकून पळालास ना, तितकी.

दासी ठेचायला बसली की पोवळी कांड्या पळवायची नि खिडकीबाहेर भिरकावायची. आधी पडल्या कुंपणावर. मग आंब्यावर. मग कडुनिंबाच्या बेचक्यात. राजा विचारी, "प्यालीस का गं?" ही म्हणे, "प्याले की, बाबा!" तापाला कोण फसवणार? तो रोज हजर. गिरजाक्कानं कपाळावर हात मारला. राजानं मिशा उपटायच्या तेवढ्या बाकी ठेवल्या.

आता गुळवेल म्हणजे चिवट बाई. तोडा, फेका, टांगा, मरायचं नाव नाही. हवेतच दोऱ्यासारखी मुळं सोडते नि माती शोधते. तिन्हीकडच्या कांड्या फुटल्या. पत्त्यातल्या बदामासारखी पानं आली. मग तिन्ही वेली चढत चढत खिडकीशी. आणि एके दुपारी शिरल्या की आत! एकीनं पलंगाचा खूर धरला, दुसरीनं वेणी. आणि कडुनिंबावरची, ती सगळ्यांत कडू, नाकाशी येऊन म्हणाली,

"अगं ए भवाने! कितीदा फेकशील? चढून चढून कंबर मोडली माझी! पितेस, की नाकात शिरू?"

"पिते, पिते! पण वेणी सोड!"

गिरजाक्कानं त्या कडुनिंबावरच्या वेलीचीच कांडी ठेचली. पोवळीनं नाक दाबून काढा प्याला. रोज प्याली, वेल बघत होती ना! मग हळूहळू ताप उतरला. पोवळी अंगणात हुंदडायला लागली. राजाच्या मिशा वाचल्या. सगळी सुखात राहिली.

वेल मात्र खिडकीतच बसली. म्हणाली, "हिचा काय भरवसा!"

झोपा आता. आणि ए शहाण्या, सकाळीच बघितलं, तुझ्या कुंडीत कोंब आलाय. रात्री पायाला गुदगुल्या झाल्या तर ओरडायचं नाही. मी नसेन हं ती.