पास्कूबायचे पाय

वसईकडच्या माडवाडीच्या लोकांनी चर्च स्वतःच्या हातांनी बांधलेलं. वादळात छप्पर उडालं, तेव्हा तेही गावानंच पुन्हा चढवलं. अशा गावात पवित्र गुरुवारी बिशप हाऊसचे मोठे फादर हिलरी आले आणि भर प्रवचनात म्हणाले, "एवढ्या मूठभर लोकांसाठी चर्च चालवता येत नाही. ईस्टरनंतर याला कुलूप."

मग, येशूनं शेवटच्या भोजनावेळी शिष्यांचे पाय धुतले त्याची आठवण म्हणून होणारा, पाय धुण्याचा विधी आला. बारा माणसं रांगेत बसली, शेवटी म्हातारी पास्कूबाय. फादर गुडघे टेकून पाणी ओतू लागले, तशी तिनं विचारलं, "फादर, बाराच जणांचे पाय का धुता?"

"प्रभूचे शिष्य बारा होते, बाय," फादर ऐटीत म्हणाले. "तेवढ्यांवरच जगभरचं चर्च उभं राहिलं."

"आणि त्यातलाही एक फितूर निघाला," पास्कूबाय म्हणाली. "आम्ही बाराच्या दसपट आहोत नि फितूर एकही नाही. मग आम्हीच कसे मूठभर?"

तिची टाच फादरांच्या हातात तशीच राहिली. मग त्यांनी ती टॉवेलनं हळूच पुसली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उरलेल्यांचे पाय धुवायला पुढच्या वर्षी इथंच येतो."