पुढची दोरी

एकदा एक विद्यार्थी मान वाकडी धरून गुरुजींसमोर उभा राहिला. वय वीस-एकवीस, पण चालणं साठीतलं. आठ दिवसांनी त्याची अंतिम परीक्षा होती. तीन तास एका बैठकीत ग्रंथ म्हणायचा. मध्ये उठला तर वर्ष वाया.

"गुरुजी, मला जमायचं नाही. अर्ध्या तासातच पाठ भरून येते. मी आपला घरी जातो."

"तेल लावलंस का?"

"लावलं म्हणजे?" आतून गुरुपत्नी म्हणाल्या, "माझ्या समईचंसुद्धा संपवलंय त्यानं!"

गुरुजी हसले. "बरं, जा घरी. पण जाण्याआधी तेवढा मांडवाचा खांब सरळ कर."

अंगणात परीक्षेचा मांडव घालणं चाललं होतं. पुढून-मागून दोऱ्यांनी ताणलेला कडेचा एक बांबू पुढे कलला होता. विद्यार्थ्यानं त्याची मागची दोरी ओढली. दोन्ही पाय रोवून ओढली. बांबू नुसता कुरकुरला. दोरीचे धागे मात्र तुटायला लागले.

तेवढ्यात गुरुजी उठले आणि पुढच्या दोरीची गाठ सोडू लागले.

"अहो गुरुजी, पडेल ना तो!"

"तू धरलाय ना मागून? मग कसा पडेल?"

पुढची दोरी वीतभर सैल झाली मात्र, बांबू सहज सरळ झाला. मग गुरुजींनी दोन्ही दोऱ्या सारख्या ताणून बांधल्या.

"बाळा, पाठ दुखते म्हणून तू पाठच चोळत बसलास. पण दिवसभर पोथीवर वाकून तुझी छाती आखडली आहे. ती खांदे पुढे ओढते, आणि पाठ बिचारी ताण सोसून दमते. दोन भावंडांतलं एक गुपचूप चिमटे काढतं, दुसरं रडतं. आपण रडणाऱ्यालाच उगी उगी करत राहिलो, तर ते गप्प होईल का?"

"मग करू काय?"

"दाराच्या चौकटीला दोन्ही हात टेक आणि छाती हळूच पुढे जाऊ दे. मग खांदे मागे घेऊन पाठीलाही थोडं काम दे. नुसते लाड नकोत. आणि घटकाभर वाचलं की ऊठ, चार पावलं चाल."

विद्यार्थी घरी गेला नाही. आठ दिवसांत दुखणं पुरतं गेलं असंही नाही. परीक्षेत दोन तासांनी कळ आलीच. पण त्याचा हात पाठीकडे गेला नाही. त्यानं एक मोठा श्वास घेतला, छाती मोकळी केली आणि पुढचा श्लोक म्हटला. शेवटचा श्लोक संपला, तेव्हाही तो बसलेलाच होता.

घरातलं लेकरू पाठ दुखते म्हणालं, तर त्याला एकदा समोरूनही बघावं.