रियाजाची खोली

संगीतकार दाभाड्यांना आपल्या नव्या प्लगइनचा कोण अभिमान. गायिका कुमुदिनीबाईंना म्हणाले, "गाणं इथे रेकॉर्ड करायचं आणि कॉम्प्युटरवर हवा तिथला घुमारा द्यायचा. देऊळ म्हणा, विहीर म्हणा. बाई, मागाल ती जागा देतो."

बाईंनी घरची रियाजाची खोली मागितली. नवरा गेल्यापासून त्या तिथे गायल्या नव्हत्या.

दाभाड्यांनी माणूस धाडला, त्या खोलीत टाळी वाजवून तिथला घुमारा टिपून आणला, बाईंच्या आवाजावर चढवला आणि ऐटीत विचारलं, "आहे ना हुबेहूब?"

बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"हुबेहूब आहे. पण ही आत्ताची खोली झाली. मी मागितली ती हे तबला घेऊन समोर बसायचे तेव्हाची. तेव्हा ती एवढी घुमत नव्हती."