अस्वल शिडीला लटकलं तेव्हा

एका जंगलात एक अस्वल राहत असे, आणि त्या अस्वलाला सगळ्या जगाचा संशय येत असे. अंगानं दांडगं, नखं ही एवढाली, पण डोक्यात एकच किडा वळवळायचा, की आपल्याला कुणीतरी फसवतंय. झाडाखाली बोरं पडलेली दिसली की खायच्या आधी ते वर बघायचं, कुणी पाडली म्हणून. पाठीमागून वारा आला की ओरडायचं, "कोण ढकलतंय रे?" स्वतःच्या सावलीलासुद्धा ते हुंगून घ्यायचं. आपलीच आहे ना, का कुणी आणून ठेवलीय?

आता पोरांनो, त्याला अगदीच खुळं म्हणू नका. त्याच जंगलात एक म्हातारा हुप्प्या होता, म्हणजे काळ्या तोंडाचं थोरलं वानर. शेपूट लांब, आणि जीभ शेपटीहून लांब. कुणाची तरी खोडी काढल्याशिवाय त्याला पाला पचायचा नाही. एकदा त्यानं काय केलं, अस्वलाच्या गुहेत जाऊन त्याच्या पाल्याच्या अंथरुणात खाजकुयलीच्या शेंगा चुरून ठेवल्या. पुढं अस्वल किती तरी दिवस झाडाझाडाला पाठ घासत फिरलं. सागाची सालं निघाली, पण खाज जाईना. शेवटी खाज गेली, संशय मात्र तसाच राहिला.

तर त्या वर्षी उन्हाळा असा तापला, की ओढ्यात नुसती वाळू. पाणी उरलं ते घळीपलीकडच्या डोहात. आणि घळ केवढी? वरून दगड टाकला, तर खाली आपटल्याचा आवाज येईपर्यंत टाकणारा विसरून जायचा, की आपण दगड टाकला होता. वळशाची एक वाट होती, पण तिच्यावर वाघीण पिल्लं घेऊन बसलेली. तिला "जरा सरकता का बाई" असं कोण विचारणार? ज्यांना उडता येत होतं ते उडून गेले, ज्यांना झेपावता येत होतं ते झेपावून गेले. राहिलं अस्वल, आणि राहिला एक कोल्हा.

अस्वल वाळूत नखांनी झिरा खणायचं. खणता खणता घामाघूम व्हायचं, तेव्हा कुठं खड्ड्यात गढूळ पाणी झिरपायचं. कोल्हा शेजारी सावलीत बसून म्हणायचा, "थांब दादा, तू पिऊ नकोस. पाण्यात कुणी काही कालवलं असलं तर? आधी मी पिऊन बघतो." आणि पोट टम्म होईपर्यंत पिऊन बघायचा. मग तोंड पुसून म्हणायचा, "हां, आता हरकत नाही." उरलेला चिखल अस्वल चाटायचं, आणि वर मनात म्हणायचं, या जंगलात आपली काळजी करणारा एवढा एकच.

हुप्प्याचं सगळं बिऱ्हाड पलीकडे गेलं होतं. म्हाताऱ्या माकडिणींना उडी झेपत नव्हती, म्हणून त्यानं घळीवर शिडी बांधली. या झाडापासून त्या झाडापर्यंत दोन जाड वेली ताणलेल्या, आणि मध्ये आडवे बांबूचे दांडे. वरून चालायला गेलं की शिडी उलटी व्हायची. जायचं ते खालून, दोन्ही हातांनी लोंबकळत, एकेक दांडा सोडत आणि पुढचा धरत. शिकायला म्हणून तशीच एक बुटकी शिडी त्यानं ओढ्याच्या वाळूवर बांधली होती. एक दिवस त्यानं अस्वलाला हाक मारली.

"या अस्वलराव. तुम्हालाही शिकवतो."

"मला? कशाला?"

"पलीकडे पाणी आहे म्हणून."

"ते ठाऊक आहे मला. यात तुला काय मिळणार ते बोल."

हुप्प्या नुसता हसला. तो हसला आणि अस्वलाच्या पाठीला आपोआप खाज सुटली. पण झिरा दिवसेंदिवस खोल चालला होता, आणि घशाला कोरड होती. अस्वलानं आधी शिडीचा एकेक दांडा हुंगला, वेलीची एकेक गाठ दातानं ओढून बघितली, आणि मग ते लटकलं.

"झकास," हुप्प्या म्हणाला. "आता नुसतं लटकायचं. अंगठा दांड्याखालून घे. नुसती नखं अडकवशील तर नखं मोडतील. आणि खांदे कानात घालू नकोस, खाली ओढ. तुझी मान कुठं गेली बघ, कासवासारखी!"

अस्वल शिकलं. पहिल्यांदा तळहाताला फोड आले, मग त्यांचे घट्टे झाले. आधी चिंच खाऊन होईपर्यंतही लटकवत नव्हतं, पुढं पुढं सावली सरकली तरी ते आपलं घड्याळाच्या लंबकासारखं डुलत राहायचं. पाय मागं न्यायचे, पुढं फेकायचे, सगळं येत होतं. एकच गोष्ट येत नव्हती. हुप्प्या म्हणायचा, "आता मागचा हात सोड आणि पुढचा दांडा धर," की अस्वल दोन्ही हात असे आवळायचं की बांबू करकरायचा.

"सोड!"

"सोडला की मी पडणार."

"एका हातावर तू पेलशील रे बाबा. खाली वाळू आहे, पडलास तरी ढुंगणच शेकेल."

"तेच बघायचंय तुला! मी पडावं आणि तू दात काढावेस!"

बारकी माकडं दोन्ही बाजूंनी सपासप जायची. जाता जाता एखादं त्याच्या कानात फुंकर मारायचं. अस्वल लटकलेलंच.

एकदा हुप्प्यानं त्याच्यासमोर एक मातीचं ढेकूळ ठेवलं. "ही डोहाकाठची माती. हाताला चोळ. घाम टिपते, दांडा सुटत नाही. आमच्याकडे मातीला हात लावल्याशिवाय कुणी शिडीला हात लावत नाही."

अस्वलानं ढेकळाकडे बघितलं, हुप्प्याकडे बघितलं. कोरडी बारीक माती. खाजकुयलीही चुरल्यावर अशीच दिसते. ते गुपचूप ढेकूळ घेऊन गेलं आणि कोल्ह्याला दाखवलं.

आता कोल्ह्यानं मनात हिशेब केला. हे अस्वल उद्या पलीकडे गेलं, तर इथं झिरा कोण खणणार? त्यानं ढेकूळ लांबून हुंगलं आणि तो उगीचच शिंकला.

"दादा, मला बोलायचं नव्हतं. पण एवढा डोंगराएवढा तू, आणि तो टीचभर म्हातारा तुला फुकट शिकवतोय? कशाला शिकवेल?"

"मीही तेच विचारलं. तर हसला."

"हसला?" कोल्ह्यानं डोळे मिटून मान हलवली. "मग झालंच. टाक ती माती. आणि हात सुटू नये असंच वाटत असेल, तर मध लाव की! मधाएवढं चिकट काय आहे जगात? चिकटलास की चिकटलास."

अस्वलाला हे फार पटलं. अस्वलाला मधाची कुठलीही गोष्ट पटते, पोरांनो. कोल्ह्याचा डाव असा, की अस्वल मध लावून बुटक्या शिडीला जाईल, उन्हानं मध पातळ झाला की घसरून वाळूत आपटेल, सगळी माकडं हसतील, आणि ते परत शिडीचं नाव काढणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी झिरा आटला. अस्वलानं खणलं, खणलं, पार कमरेपर्यंत आत गेलं. खाली खडक लागला. खडकावर जीभ लावली तर तीही चटका बसून परत आली. अस्वल वर आलं. एक पोळं फोडलं, दोन्ही तळहात मधानं माखले, आणि बुटकी शिडी मागं टाकून सरळ घळीच्या काठावर गेलं.

कोल्हा मागून धावला. "दादा, तिकडे नको! त्या शिडीला नको!"

"का नको?"

कोल्हा काय सांगणार? खरं सांगावं तर अस्वल आपल्याला चिरडणार, न सांगावं तर अस्वल मरणार. तो म्हणाला, "आज वारा आहे."

वारा बिलकूल नव्हता. पण अस्वलानं तेवढ्यापुरता त्याचा संशय घेतला नाही. जिथं यायचा तिथं येत नाही आणि नको तिथं येतो, असा संशय फार वाईट.

अस्वलानं एक हात पहिल्या दांड्याला लावला. पाय काठावर ठेवूनच लांब झालं आणि दुसरा हात दुसऱ्या दांड्याला. तेवढ्यात काठाची माती ढासळली, पाय सुटले, आणि आपलं ते एवढं धूड घळीवर लोंबायला लागलं. मागं काठ राहिला नाही. पुढं जायचं तर हात सोडायला हवा. खाली बघितलं तर गिधाडं उडत होती, तीही खाली!

पलीकडच्या झाडावरून हुप्प्यानं बघितलं. आज तो हसत नव्हता. अस्वलाच्या वजनानं शिडी आता उलटी होत नव्हती, म्हणून तो वरूनच पळत आला आणि अस्वलाच्या तोंडासमोर वरच्या बाजूला पोटावर पडून राहिला.

"मागचा हात सोड आणि पुढं ये."

"नाही! याच दिवसाची वाट बघत होतास तू!"

"दंड थरथरायला लागलेत तुझे. किती वेळ लटकशील?"

"तू जा! तू गेलास की मी बघतो काय करायचं ते!"

"जा म्हणे! तू पडलास तर माझी शिडीही तुझ्याबरोबर जाईल, कळतं का?"

अस्वल हलेना. ऊन चढलं. आणि तळहातावरचा मध पातळ झाला. आधी मनगटावर आला, तिथून केसांतून वाट काढत कोपराकडे निघाला, आणि त्याचा वास अस्वलाच्या नाकात गेला. भ्यालेलं अस्वल काय करतं माहीत आहे? तळवा तोंडात घालून चोखतं आणि गुणगुणतं. ही त्याची लहानपणची सवय, आईच्या पाठीवर बसून फिरायचं तेव्हाची. त्यानं डोळे मिटले, मागचा हात कधी काढला ते त्यालाच कळलं नाही, आणि ते तळवा चाटायला लागलं. गूं गूं गूं.

हुप्प्यानं श्वास धरला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "अस्वलराव, कुठला हात चाटताय?"

"मागचा."

"मग लटकलाय कशावर?"

अस्वलानं डोळे उघडले. वर बघितलं. एकच हात दांड्यावर, आणि त्या एका हातावर आपण सगळेच्या सगळे! पडलो नाही!

"आता घाबरू नकोस," हुप्प्या म्हणाला. "तो चाटलेला हात पोटाच्या केसांना पूस. कोरडा कर. हां. आणि तोच पुढच्या दांड्याला लाव. अंगठा खालून."

अस्वलानं लावला.

"आता दुसरा चाट."

असं ते अस्वल चाटत, पुसत, धरत निघालं. मध्यावर पोचेपर्यंत मध संपला होता, तरी हात सुटत होता आणि पुढचा दांडा धरत होता. पाय मागं न्यायचे, पुढं फेकायचे, सगळं वाळूवर शिकलेलं अंगात होतंच. पलीकडे पाय टेकले तसं ते सरळ डोहात शिरलं, आणि एवढं पाणी प्यायलं की बेडूक काठावर येऊन बसले.

पोट भरल्यावर त्यानं डोहाकाठची चिमूटभर माती उचलली. हुंगली. तळहाताला चोळली. वाट बघितली. खाज नाही, काही नाही. नुसती माती.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "दादा! ओ दादा!" कोल्हा काठावर जीभ बाहेर काढून बसला होता. "मीच सांगितलं होतं ना, मध लाव म्हणून? माझ्यामुळे पोचलास! आता मला घ्यायला ये!"

अस्वलानं हाताला माती लावली आणि शिडीवरून परत आलं. आता ते झपाझप येत होतं. कोल्ह्याच्या काठावरच्या झाडाच्या बुंध्यापाशी लटकतच थांबून म्हणालं, "बस पाठीवर. केस घट्ट धर." कोल्हा बसला आणि दोघं निघाले. बरोबर घळीच्या मधोमध अस्वल थांबलं. त्यानं एक हात काढला आणि तळवा निरखून बघायला लागलं.

"दादा, काय झालं?"

"काही नाही. मातीत खाजकुयली नव्हती रे. मग ती टाक असं मला कोण म्हणालं होतं?"

"दोन्ही हातांनी धर ना दादा!"

"आठवून घेतो. आठवताना मला तळवा चाटायची सवय आहे." आणि त्यानं खरंच चाटायला सुरुवात केली. गूं गूं.

"मी! मी म्हणालो!" कोल्हा किंचाळला. "तू गेलास तर झिरा कोण खणणार, म्हणून म्हणालो! आणि पाण्यात कधीच कुणी काही कालवलं नव्हतं! हात लाव रे दादा वर!"

"एवढंच विचारायचं होतं," असं म्हणून अस्वलानं हात पोटाला पुसला आणि पुढचा दांडा धरला. कोल्ह्याला त्यानं पलीकडे नेऊन सोडलं. पण त्यानंतर डोहावर पाणी प्यायचं झालं, की आधी अस्वल प्यायचं, पोटभर, आणि मग कोल्ह्याला म्हणायचं, "हां, आता हरकत नाही."

संध्याकाळी अस्वल हुप्प्यापाशी गेलं. मान खाली घालून म्हणालं, "वस्ताद, चुकलो. पण एवढं आता तरी सांगा. मला शिकवून तुम्हाला काय मिळालं?"

हुप्प्या तसाच हसला.

अस्वल डोहाजवळच्या आपल्या नव्या गुहेत गेलं. कुणीतरी त्याच्यासाठी मऊ पाल्याचं अंथरूण घालून ठेवलं होतं. अस्वलाचा ऊर भरून आला. आयुष्यात पहिल्यांदा काही न हुंगता, काही न तपासता ते त्यावर धपकन पडलं.

आणि दुसऱ्या क्षणी सगळं जंगल दणाणलं. "अरे देवा! खाज! खाज! वस्ताद, मला माहीतच होतं!"

झाडाच्या शेंड्यावर बसून हुप्प्या पोट धरधरून हसत होता. "आता कळलं काय मिळालं?" तो ओरडला. "तू तहानेनं मेला असतास, तर मी ही खाजकुयली कुणाच्या अंथरुणात घातली असती?"

तात्पर्य : चेष्टा करणारा प्रत्येक जण घात करत नाही, आणि गोड बोलून दुसऱ्याविषयी संशय पेरणाऱ्याला आधी तपासून घ्यावं. मागचा हात सोडल्याशिवाय पुढचा दांडा हाती येत नाही. अंथरूण मात्र रोज झटकावं.