एकोणऐंशीव्या नंबरचं सोनं

“सोनं एकोणऐंशीवं? आमचं सोनं?”

श्रीमंत रणझुंजारराव सरकार मुलींच्या शाळेत एवढ्यांदा ओरडले की पहिल्या ओळीतल्या पोरींनी डोळेच मिटले. नाव रणझुंजारराव, पण उभ्या जन्मात झुंजले ते फक्त आमरसाशी! आपल्या वाढदिवसाचे पेढे वाटायला आले होते. वाटून मुकाट परत गेले असते तर राजे कसले? भिंतीवर मुंबईहून आणलेला मूलद्रव्यांचा तक्ता दिसला आणि त्यांनी तो वाचला. वाचता येत होतं, हीच पंचाईत!

“आणि पहिल्या घरात बसलाय तो हायड्रोजन कोण? कुठल्या घराण्यातला?”

“वायू आहे, सरकार,” अंबूताई मास्तरीणबाई चाचरत म्हणाल्या. “ज्याच्या पोटात प्रोटॉन म्हणून बारीक कण जितके, तितवा त्याचा नंबर. हायड्रोजनच्या पोटात एक, सोन्याच्या पोटात एकोणऐंशी.”

“म्हणजे वारा पहिला आणि सोनं एकोणऐंशीवं! अहो, लोखंडसुद्धा सव्विसावं!”

दिवाण नरहरपंत तत्परतेनं सरकारांच्या कानाला लागले. त्यांच्या मेहुण्याचे घोडे संस्थानाच्या गळ्यात मारायचे ठरले होते आणि पागेसाठी त्यांनी ही हवेशीर शाळा कधीची हेरून ठेवली होती.

“ऐका!” सरकार गरजले. “उद्या हा तक्ता दरबारात आणायचा. सोनं पहिलं झालेलं दिसलं पाहिजे! आणि बाकीचं एक घरही जागचं हलता कामा नये, नाहीतर मुंबईचे साहेब आम्हाला हसतील. जमलं नाही तर शाळेला कुलूप! इथं घोडे बांधू.”

“घोडे उपयोगी तरी पडतात,” दिवाण म्हणाले.

अंबूताईंना रडू फुटलं. सातवीतली तानू मात्र दातओठ खात उभी. सरकारांचा नगारा वाजवणाऱ्या बाळा घडशीची ही पोर. तिच्या मामानं तिच्यासाठी एक स्थळ धरून ठेवलं होतं. नवरा दोन बायका झालेला, मिशा रंगवून तिसरीच्या तयारीत! “पोर शाळेत जातेय, एवढ्यात नको,” एवढंच बाळाच्या हातात होतं. शाळा गेली की तेही गेलं.

दुसऱ्या दिवशी दरबारात अंबूताई दाराशीच थबकल्या. तानूनं त्यांच्या हातातून तक्ता घेतला आणि सरळ गादीपुढं उलगडला.

“सरकार, हुकूम बजावला!”

“कुठं बजावला? सोनं तर होतं तिथंच आहे!”

“ते हलवायची गरजच पडली नाही. आधी एक सांगा. दसऱ्याच्या स्वारीत सगळ्यात पुढं कोण असतं?”

“नगाऱ्याचा उंट.”

“उंटावर?”

“तुझा बाप! आणखी कोण?”

“आणि त्याच्या मागं?”

“निशाणवाले, भालदार, घोडेस्वार, बरेच जण.”

“आणि सरकार?”

“आम्ही पार मागं. हत्तीवर, अंबारीत!”

“अरे देवा!” तानूनं कपाळावर हात मारला. “म्हणजे पहिल्या मानाचा माझा बाप, आणि इतकी वर्षं मुजरे तुम्हीच घेताय? बा, ऐकलंस का? सरकार तुला मुजरा करायला येतील. तेवढा अंगरखा धुऊन ठेव!”

दाराशी उभा बाळा पटकन भालदाराच्या आड झाला. सरकार तर गादीवरून अर्धे उठले.

“कार्टे! पुढं किरकोळ मंडळी चालतात! मागं मागं यावं तसं वजन वाढत जातं! आमच्या आधी एवढी माणसं चालतात, तोच आमचा मान!”

“मग हा तक्ता दुसरं काय सांगतोय?” तानूनं पहिल्या घरावर बोट आपटलं. “हायड्रोजन म्हणजे माझा बाप. हलकाफुलका! पोटात एकच कण, आणि पगार थकला की तोही नाही. अठ्ठ्याहत्तर जण पुढं चालून जातात, तेव्हा कुठं सोन्याची स्वारी येते! सोनं मानानं पहिलं, आणि घर एकही हललं नाही. पटत नसेल तर यंदा तुम्ही उंटावर बसा, सरकार. नगाऱ्याच्या टिपऱ्या मी आणून देते!”

सरकार पुन्हा गादीवर टेकले. उंटावर बसून नगारा बडवणारे आपण त्यांच्या डोळ्यापुढं आले असावेत.

घोडे हातचे जाताहेत म्हटल्यावर दिवाण पुढं सरसावले.

“सरकार, पोर फसवतेय! हे पाहा, सोन्याच्याही मागं पारा आहे, शिसं आहे. ते काय सोन्याहून थोर?”

तानू सावकाश वळली.

“दिवाणसाहेब, अंबारीच्या मागं लगेच कुणाची पालखी असते हो?”

“माझी!” दिवाण छाती काढून म्हणाले. म्हणाले आणि फसले!

“मग ऐंशीवा पारा कोण, हे मी कशाला सांगू? वरून चांदीसारखा चकाकतो. चिमटीत धरावा तर सापडत नाही. आणि सोन्याजवळ ठेवला की गुपचूप सोनंच गिळून बसतो!”

सरकारांनी तक्त्याकडं पाहिलं. दिवाणांकडं पाहिलं. मग असे खदाखदा हसले की फेटा सुटून मांडीवर आला! दरबाराला तेवढंच हवं होतं. भालदारसुद्धा भाल्याला धरून हसला.

“दिवाण, घोडे तुमच्या मेहुण्याचेच ना? मग बांधा तुमच्या दिवाणखान्यात! शाळेत मुलीच बसतील, आणि पुढं मॅट्रिकपर्यंत बसतील!”

त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढलं आणि तानूपुढं धरलं. नको, राहू द्या, असलं काहीएक न म्हणता तिनं ते घेतलं आणि तळहातावर तोलून पाहिलं.

“चांगलंच जड आहे की, सरकार!”

“असणारच!” सरकार डोळे पुसत म्हणाले. “एकोणऐंशीवं आहे!”